जोडखिडकी एक की तीन? अंबडच्या दादांना उत्तर

दादा,

तुम्ही नाव दिलं नाहीत, नुसतं 'अंबडचा एक फॅब्रिकेटर' लिहिलंत, म्हणून दादाच म्हणते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की जोडखिडकी, म्हणजे मधे फिक्स काच आणि दोन्ही बाजूंना उघडणारं शटर, रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकच फॅमिली, म्हणजे तयार घटक, करून बसवावी आणि तिला एकच टॅग, म्हणजे नंबराची चिठ्ठी, द्यावा. त्यावर तुम्ही लिहिलंत, "तुम्ही डब्ल्यू-५ लिहून मोकळ्या होता, आम्हाला तीन फ्रेमा कापायच्या असतात. एका नंबरात तीन वस्तू कोंबणारं शेड्यूल (खिडक्यांची यादी) काय कामाचं? त्यापेक्षा आमचं एक्सेल बरं."

फ्रेमांचं म्हणणं मान्य. एक्सेलचं नाही, त्यावर नंतर येते.

तो लेख लिहिताना माझ्या डोक्यात भिंत होती, खिडकी नव्हती. गवंड्याला डब्ल्यू-५ म्हणजे ३००० बाय १५०० मिलिमीटरचं ओपनिंग, भिंतीत सोडलेली मोकळी जागा. सिल (खिडकीचा खालचा काठ) किती वर, लिंटेल (वरची तुळई) कुठे, बस. आपल्याकडे ही सवय जुनी आहे. भारतीय मानकातलं '१० डीएस २१' हे नावसुद्धा ओपनिंगचंच आहे: १०० मिलिमीटरचं एक माप धरून रुंदी दहा, उंची एकवीस, दाराला शटर एक. चौकटीचं माप त्याहून कमी भरतं, हे सगळे गृहीत धरतात.

पण तेच ३००० तुमच्या कटिंग टेबलावर येतं तेव्हा ते ३००० राहत नाही. दोन्ही बाजूंना १०-१० ची फट सोडली की उरले २९८०. २० मिलिमीटरचे दोन कपलर (दोन फ्रेमा जोडणाऱ्या पट्ट्या) गेले की २९४०. मधली काच १५०० ची, म्हणजे बाजूच्या फ्रेमा ७२० च्या. (कपलरची जाडी सेक्शनप्रमाणे बदलते, तुमची वेगळी असेल.) ७२० हा आकडा माझ्या शेड्यूलमध्ये कुठेच नव्हता. तो तुम्ही दर वेळी पाठीमागच्या कागदावर काढत बसायचं, हे बरोबर नाही.

आता जे लेखात लिहायची लाज वाटली ते सांगते. तुमची प्रतिक्रिया यायच्या आधीच मला चटका बसला होता. गंगापूर रोडच्या एका इमारतीत अशा २८ जोडखिडक्या होत्या. आतल्या तिन्ही खिडक्या वेगळ्या मोजल्या जाव्यात म्हणून मी त्या आतल्या फॅमिलींना 'शेअर्ड'ची खूण केली. ती खूण नसेल तर आतली खिडकी बाहेरच्या फॅमिलीत विरघळून जाते: तिला टॅग लागत नाही, शेड्यूलमध्येही ती येत नाही. खूण केल्यावर मात्र टॅब दाबून ती एकटी निवडता येते, टॅग लावता येतो, मोजताही येते. मी खूश. शेड्यूलमध्ये आकडा आला ११२. २८ नाही आणि ८४ पण नाही! आतल्या ८४ तर मोजल्या गेल्याच, वर त्या तिघींची आई, म्हणजे बाहेरची फॅमिलीसुद्धा, खिडकीच्याच कॅटेगरीत असल्यामुळे तीही २८ वेळा मोजली गेली. चौरस फुटांची बेरीज जवळपास दुप्पट झाली आणि कोटेशन त्याच हिशोबाने आलं. मालकांचा फोन कसा होता ते विचारू नका.

आईला खिडकीऐवजी जनरिक मॉडेल (कुठल्याच ठरावीक प्रकारात न मोडणारी वस्तू) करून टाका, असा एक उपाय लोक सांगतात. मला तो पटत नाही, कारण मग गवंड्याच्या यादीतून नेमकी तीच खिडकी गायब होते. कर्टन वॉलने (पॅनेलांमध्ये विभागलेल्या भिंतीने) करणारेही आहेत. ते दिसायला सोपं, पण पॅनेलं वेगळ्याच कॅटेगरीत जातात आणि खिडकीचं पॅनेल टाकलं तरी रुंदी-उंचीचे रकाने भरताना नाकी नऊ येतात.

मी आता असं करते. प्रत्येक खिडकीला हो-नाहीचे दोन रकाने, एक 'ओपनिंग', एक 'फ्रेम'. साध्या एकट्या खिडकीला दोन्ही हो. जोडखिडकीच्या आईला फक्त ओपनिंग. आतल्या तिघींना फक्त फ्रेम. मग दोन शेड्यूलं काढायची: गवंड्याच्या यादीला 'ओपनिंग हो' हे फिल्टर, तुमच्या यादीला 'फ्रेम हो'. एकाच रकान्यात हो आणि नाही असं भागवायला जाऊ नये, कारण कुणी रकाना कोराच ठेवला तर ती खिडकी 'नाही'च्या फिल्टरमध्येही सापडत नाही. प्लॅनवर डब्ल्यू-५ एवढाच टॅग दिसतो. एलिव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या चित्रात) आत ५-अ, ५-ब, ५-क.

५-अ आणि ५-क वेगळे का, माप तर तेच, असं माझ्या ऑफिसमधल्या मुलीनेही विचारलं. एकाची बिजागरी डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. एकच टाइप आरशासारखा उलटवून दोन्ही बाजूंना वापरला तर चित्र अगदी बरोबर दिसतं, पण खिडकीचा टॅग मुळात टाइप मार्क (त्या प्रकाराचा नंबर) दाखवतो आणि उलटवल्याने टाइप बदलत नाही. शेड्यूल म्हणणार, एकाच प्रकारच्या ५६ फ्रेमा. तुम्ही ५६ डाव्या कराल आणि त्यात तुमची काहीच चूक नसेल. समोरासमोरचे फ्लॅट मिरर केले की हीच गंमत पुन्हा होते. डावी-उजवी सारखी असलेली जोडखिडकी त्यातून सुटते, पण एकाच बाजूला शटर असेल तर आई उलटते आणि टॅगची अक्षरं जिथल्या तिथे. त्या खिडक्या मी हाताने तपासते. त्याला दुसरा मार्ग मला मिळालेला नाही.

आणखी एक त्रास. शेअर्ड झालेल्या आतल्या खिडकीचं टाइपमधलं माप आईकडून हलवता येत नाही, म्हणून रुंदी-उंची इन्स्टन्सची, म्हणजे बसवलेल्या प्रत्येक खिडकीची वेगळी, ठेवावी लागते. फॅमिली बनवायला दुप्पट वेळ जातो. तुम्ही म्हणाल, कशाला एवढं?

एक्सेलला जे जमत नाही त्यासाठी. त्याच इमारतीत वरच्या मजल्यांची सिल ९०० वरून ६०० वर आली, लिंटेल तिथेच. मॉडेलमध्ये फ्रेमची उंची ३०० ने वाढली, दोन्ही शेड्यूलं आपोआप बदलली. कुणाच्या तरी डेस्कटॉपवरचं एक्सेल जुनंच राहिलं असतं आणि तुम्ही आखूड फ्रेमा टेम्पोत भरून साइटवर आला असता. शेड्यूलमधून टेक्स्ट फाइल निघते, ती एक्सेलमध्ये उघडते. तेवढं मी नक्की पाठवीन, पण आकडा बदलायचा तर मॉडेलमध्येच.

उत्तर लिहिता लिहिता एक गोष्ट मात्र ध्यानात आली. २८ खिडक्यांना ५६ कपलर लागतात. ते ना माझ्या ओपनिंगच्या यादीत आहेत ना फ्रेमच्या, आणि तुमच्या तक्रारीतही नाहीत. पावसात पाणी शिरतं ते नेमकं त्याच सांध्यातून. आईच्या फॅमिलीत कपलरच्या संख्येचा आणि लांबीचा रकाना कालच टाकलाय. तुमच्या सेक्शनचा कपलर किती मिलिमीटरचा, तेवढं इथेच खाली कळवा.