ठोके का मोजायचे? स्पेक्ट्रम इम्युलेटरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झेडएक्स स्पेक्ट्रम हे १९८२ चं, साडेतीन मेगाहर्ट्झचं घरगुती कॉम्प्युटर मशीन. त्याच्या इम्युलेटरनं, म्हणजे ते मशीन फोनवर हुबेहूब वठवणाऱ्या प्रोग्रामनं, आजचा फोन तापवावा, हे हास्यास्पद आहे. टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, मोजण्याचं खूळ सोडा, प्रत्येक सूचना एका दमात चालवा आणि जे थोडे खेळ बिघडतील त्यांच्यासाठी दुरुस्त्यांची यादी ठेवा. तसा पॅच (कोडमधला बदल) तुम्ही पाठवला आणि तो नाकारला गेला. शिवाय आवाज मागे पडतो, झटपट लोडिंग काही टेपवर चालत नाही, आणि भारतात विकल्या गेलेल्या डीबी स्पेक्ट्रम प्लस हा पर्याय मेन्यूत नाही.

पॅचचं आधी. ४८के मशीनमध्ये १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांची मेमरी झेड८० हा प्रोसेसर आणि यूएलए ही चित्र काढणारी चिप मिळून वापरतात. यूएलए चित्र काढत असताना झेड८० तिथे शिरू लागला, की यूएलए त्याचं घड्याळच रोखते. एका फ्रेममध्ये ६९,८८८ टी-स्टेट असतात, म्हणजे ३१२ ओळी, प्रत्येकी २२४. त्यातल्या चित्राच्या १९२ ओळींत, दर ओळीला १२८ टी-स्टेट, ही अडवणूक चालते. किती थांबायचं ते ६, ५, ४, ३, २, १, ०, ० अशा आठाच्या चक्रानं ठरतं, आणि पहिलं चक्र सुरू होतं फ्रेमच्या सुरुवातीपासून मोजलेल्या १४३३५ ला. काही मशीनमध्ये एक टी-स्टेट उशिरा.

आता ‘आयएनसी (एचएल)’ घ्या, म्हणजे एचएल ज्या पत्त्याकडे बोट दाखवतं तिथला बाइट एकनं वाढवणारी सूचना. डेटाशीटप्रमाणे ११ टी-स्टेट. कोड ३२७६८ च्या वर आहे, एचएल स्क्रीन मेमरीकडे बोट दाखवतंय आणि सूचना १४३३१ ला सुरू झाली, असं धरा. ऑपकोड (सूचनेचा संकेतांक) वाचायला ४, आलो १४३३५ वर. इथे वाचन, पण आधी ६ थांबा, मग ३: १४३४४. मग एक अंतर्गत टी-स्टेट, पण पत्ता अजून बसवरच (प्रोसेसर आणि मेमरीला जोडणाऱ्या तारांवरच) आहे, म्हणून पुन्हा ५ थांबा आणि १: १४३५०. लेखनाला चक्रातलं शून्य मिळतं, ३ घेऊन १४३५३. एकूण २२. बरोब्बर दुप्पट.

तुमचा पॅच सूचनेच्या सुरुवातीला एकदाच विलंब बघतो. १४३३१ ला अडवणूक सुरूच झालेली नसते, म्हणून तो ११ धरून पुढे जातो. एका टी-स्टेटमध्ये टीव्हीवर चित्र काढणारा किरण दोन पिक्सेल सरकतो. म्हणजे एकाच सूचनेत ११ टी-स्टेटची, म्हणून २२ पिक्सेलची चूक, जवळजवळ तीन अक्षरांची रुंदी. यूएलए रंगांचे बाइट प्रत्येक ओळीला नव्यानं वाचते. त्याचा फायदा घेऊन काही प्रोग्राम किरणाच्या मागोमाग ते बाइट बदलत जातात आणि एका अक्षराच्या चौकोनात दोनापेक्षा जास्त रंग दाखवतात. तिथे तीन अक्षरांची चूक म्हणजे सरळ रंगांचा चिखल.

झेक्सऑल ही झेड८० इम्युलेशनची चाचणी पास होते, असं तुम्ही लिहिलंय. होणारच! ती चाचणी सूचनांचे निकाल आणि फ्लॅग तपासते, अगदी अलिखित ३ आणि ५ क्रमांकाचे बिटसुद्धा. पण वेळ तपासत नाही. इथे बिघडतोय तो वेळ.

यादीच्या कल्पनेवर आमचा आक्षेप व्यवहाराचा आहे. खेळ ओळखायचा कसा? टेपच्या फाइलच्या हॅशवरून (तिच्या बाइटांवरून काढलेल्या ओळख-आकड्यावरून) म्हणाल, तर एकाच खेळाची मूळ टेप, स्वस्तात पुन्हा काढलेली आवृत्ती, क्रॅक केलेली प्रत आणि कोणीतरी खेळाच्या मध्येच घेतलेला मेमरीचा स्नॅपशॉट, या सगळ्यांचा हॅश वेगळा. स्पेक्ट्रमसाठी आजही नवे खेळ लिहिले जातात, ते यादीत कधीच नसणार. आर्कनॉइड आणि कोब्रा यांसारखे खेळ न जोडलेला पोर्ट वाचून यूएलएनं त्या क्षणी बसवर ठेवलेला बाइट पकडतात आणि त्यावरून किरण कुठे आहे ते ओळखतात. इम्युलेटरनं तिथे कायम २५५ परत केलं, तर ज्या लूपला दुसरा बाइट हवा आहे तो लूप संपतच नाही. यावर प्रत्येक खेळाला ठिगळ लावता येईल, पण ठिगळ नंबर चाळीसमुळे ठिगळ नंबर बारा बिघडलं का, हे दर रिलीजला हातानं खेळून कोण बघणार? वेळ बरोबर मोजली की हे खेळ आपोआप चालतात.

फोन तापण्याबद्दल: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सेकंदाला ३५ लाख टी-स्टेट, आणि प्रत्येकामागे फोनच्या १०० सूचना खर्च झाल्या तरी ३५ कोटी. आजच्या फोनचा एक कोर हे सहज पेलतो. तुम्ही पाठवलेल्या चित्रात सीआरटी फिल्टर (जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा) चालू दिसतोय. तो दर फ्रेमला फोनच्या पडद्यावरच्या लाखो पिक्सेलवर हिशेब करतो, आणि खरी उष्णता तिथली. फिल्टर बंद करा, मोठं करण्याचं प्रमाण पूर्णांकात ठेवा आणि पुन्हा मोजा. स्क्रोल अडखळतो ते मात्र वेगळं दुखणं आहे: स्पेक्ट्रमचे फ्रेम ५०.०८ हर्ट्झचे, तुमचा पडदा ६० चा, म्हणून साधारण दर पाच फ्रेमपैकी एक दोनदा दिसतो. पडदा ५० वर चालत असेल तर तिथे न्या.

आवाजाची तक्रार रास्त आहे, पण तुमच्या बिल्डमध्ये ती तुमच्याच पॅचनं आणली आहे. सेकंदाला ४४,१०० च्या सॅम्पलिंगला एका फ्रेमचे ८८०.५९ सॅम्पल होतात. पॅचमध्ये सोयीसाठी ८८१ लिहिलंय. म्हणजे दर सेकंदाला वीसेक सॅम्पल जास्तीचे साठतात, आणि ४०९६ चा बफर तीन-साडेतीन मिनिटांत भरतो. खेळ सुरू करताना सगळं छान वाटतं आणि तिसऱ्या लेव्हलला उडीचा आवाज उडीनंतर येतो, तो यामुळे. अपूर्णांक पुढच्या फ्रेममध्ये ओढत न्यायचा, टाकायचा नाही. मूळ बिल्डमध्येही उशीर वाटत असेल, तर बफर चार फ्रेमवरून दोनवर आणा, ८० चे ४० मिलिसेकंद होतील. ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा उशीर मात्र त्यानं जाणार नाही.

झटपट लोडिंग म्हणजे रॉममधल्या (मशीनमध्ये कायम भरलेल्या प्रोग्राममधल्या) १३६६ या पत्त्यावरच्या लोडिंग रूटीनला अडवून टेपचा ब्लॉक थेट मेमरीत ओतणं. स्पीडलॉक किंवा अल्काट्राझसारखे लोडर ते रूटीन वापरतच नाहीत, स्वतःच्या लूपमध्ये पोर्ट २५४ चा ६ क्रमांकाचा बिट बघत बसतात. तिथे सापळा लागणार कसा? अशा टेपसाठी ‘लोडिंगच्या वेळी पूर्ण वेग’ हा पर्याय निवडा, आणि फाइल टॅप नव्हे, टीझेडएक्स घ्या. टॅपमध्ये फक्त बाइट असतात. टीझेडएक्समध्ये पल्सची लांबी नोंदवता येते, आणि अशा लोडरला तीच लागते.

खेळ सोबत न देण्यावर तुम्ही जाता जाता टोमणा मारलाय, म्हणून एवढंच: रॉम देता येते, कारण अ‍ॅमस्ट्रॅडनं १९९९ मध्ये कॉपीराइटचा मजकूर न बदलण्याच्या अटीवर इम्युलेटरसोबत ती वाटायला परवानगी दिली. खेळांचे हक्क ज्याच्या त्याच्याकडे आहेत.

राहिला डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस. मेन्यूत नुसतं नाव टाकणं सोपं आहे, पण त्याला अर्थ नाही. आधी त्याच मशीनमधली रॉम हवी. तुमच्याकडे मशीन चालू अवस्थेत आहे म्हणता, तर तुम्हीच काढू शकाल. अ‍ॅडाप्टर ९ व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह असलेलाच लावा. बाजारातले बरेच अ‍ॅडाप्टर उलटे असतात आणि चुकीचा लावला तर मशीन जातं. माइक सॉकेटमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा, ‘सेव्ह "रॉम" कोड ०,१६३८४’ द्या आणि ४४,१०० वर, मोनो, वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन बंद. एमपी३ नको, त्यात पल्सच्या कडा बोथट होतात. साधारण पावणेदोन मिनिटं लागतील. मग फ्यूज या इम्युलेटरच्या साधनांमधलं ऑडिओ-टू-टेप चालवा. ब्लॉकचा शेवटचा बाइट हा आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्सऑर (बिटवार काढलेला पडताळा) असतो. तो जुळला नाही तर आवाजाची पातळी थोडी कमी करून पुन्हा रेकॉर्ड करा. दोन स्वतंत्र रेकॉर्डिंग बाइटन्‌बाइट सारखी आली, की दोन्ही वेव्ह फाइल आणि बोर्डवरचा इश्यू (आवृत्ती) क्रमांक दिसेल असा फोटो बग ट्रॅकरवर टाका.