कार्ब्युरेटर गळतो, पण नेमका कुठून?

जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा की, जुन्या बुलेटचा, येझदीचा किंवा आरएक्स 100 चा कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पुरवणारा भाग) गळू लागला तर त्याचे कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल हेच असते. त्यावर बाजारातले रिपेअर किट टाकावे, तेवढ्याने भागले नाही तर फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची, पट्टी वाकवून पेट्रोलची पातळी खाली आणावी, आणि नवी नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) बसल्यावर पेट्रोल कॉक (टाकीखालचा नळ) बंद करण्याची कटकट उरत नाही. पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, आणि त्यामुळेच पुढची तीनही पटून जातात.

पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने 2022 मध्ये गाठला आणि 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल 2023 पासून पंपांवर मिळू लागले. जुन्या गाड्यांतले साधे रबर अशा पेट्रोलने फुगते, नंतर कडक होते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्यामुळे टाकीतला गंजही वाढतो, हे खरे आहे. परंतु आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये बंद झाले आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होण्याची तक्रार तेव्हाही गॅरेजांत रोजचीच होती. झिजलेली पितळी सीट (नीडल जिथे टेकते ती जागा), भोक पडून जड झालेला फ्लोट किंवा चिरलेली ओव्हरफ्लो नळी (जादा पेट्रोल बाहेर सोडणारी) यांचा इथेनॉलशी संबंध जोडता येत नाही. इथेनॉलला दोष द्यायचाच असेल तर तो रबराच्या ठिकाणी द्यावा: पेट्रोलचा पाइप, कॉकमधला वॉशर, बाउलची (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. फुगलेली ओ-रिंग एकदा खाचेतून निघाली की परत तिच्यात मावत नाही, आणि तीच दाबून बसवली की सांध्यातून पेट्रोल पाझरू लागते.

किटच्या सल्ल्यातली खरी अडचण अशी की, गळती कुठून आहे हे पाहण्याआधीच सुटे भाग बदलायला तो सांगतो. आधी कार्ब्युरेटर बाहेरून पुसून पूर्ण कोरडा करावा, गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन सुरू न करता कॉक उघडावा आणि पहिला ओलावा कुठे दिसतो ते पाहावे. बाउलच्या सांध्यावर दिसला तर गॅस्केट पाहायचे आणि तळाच्या ड्रेन स्क्रूवर दिसला तर त्याचा वॉशर. तिथे नीडल बदलून काहीही साधत नाही. ओव्हरफ्लो नळीतून धार लागली तरच संशय आत जातो, आणि तेव्हाही तो एकट्या नीडलवर नसतो. बाउलमध्ये उभी बसवलेली पितळी नळी मुळाशी केसाएवढी चिरली, तर पातळी अगदी बरोबर असतानाही पेट्रोल खालून ठिबकत राहते. ही चीर नुसती पाहून सहसा सापडत नाही. बाउल काढून तो नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोलने भरावा आणि कोऱ्या कागदावर ठेवावा. थोड्या वेळाने नळीच्या बाहेरच्या टोकाखाली कागद ओला झाला, तर दोष तिथेच आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोक असलेल्या जागेतून बुडबुडे येतात. ते भोक झाळून बुजवता येते, मात्र आतले पेट्रोल पूर्ण काढल्याखेरीज त्याला आच दाखवू नये, आणि झाळ जास्त झाली तर फ्लोट जड होऊन पातळी चढते.

दोष नीडलचाच निघाला तरी संपूर्ण किट टाकण्याची घाई नको. पुष्कळ किटांत फ्लोटच्या नीडलबरोबर जेट (मिश्रणात पेट्रोल किती जाते ते ठरवणारे बारीक भोकाचे भाग) आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडची नीडलही असते, आणि ती आहेत म्हणून बदलली जातात. मग गळती थांबते, पण गाडी मिसफायर करू लागते. मूळ जेट शाबूत असेल तर ते ठेवणेच शहाणपणाचे.

फ्लोटची पट्टी वाकवण्याचा सल्ला मुळातच तर्काला धरून नाही. फ्लोटची रचना घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखीच असते. नीडल सीटवर नीट बसतच नसेल, तर ती लवकर वर उचलल्याने पेट्रोल थांबत नाही. बाउल भरायला थोडा जास्त वेळ लागतो इतकेच. दरम्यान पातळी खाली गेल्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात त्याचा शेवट पिस्टन जाम होण्यात होऊ शकतो. पट्टी वाकवायची ती पातळी मोजून चुकीची आढळली तरच. त्यासाठी ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती बाउलच्या बाजूने वर धरावी. नळीत पेट्रोल जिथे स्थिरावते ती खरी पातळी.

राहिला कॉक. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा 30 सेंटीमीटर उंच धरली, तर नीडलवरचा दाब तेवढ्याच उंचीच्या पाण्याच्या दाबाहूनही कमी असतो. म्हणून चांगली नीडल तो सहज पेलते, हे मान्य. परंतु गंजाचा एक कण सीटवर अडकला की तिचा उपयोग संपतो, आणि असा कण कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. कॉक उघडा असेल तर रात्रभरात टाकीतले बरेचसे पेट्रोल जमिनीवर किंवा इनटेकमधून इंजिनात उतरते. जमिनीवर सांडलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद पार्किंगमध्ये ती खालीच साचून राहते, आणि मग एक ठिणगीही पुरते. बंद केलेला कॉकदेखील आतून गळत असू शकतो. त्याचा पाइप काढून खाली बाटली लावून ठेवली की ते कळते.

रात्री अशी गळती झालेल्या (बुलेटसारख्या) फोर-स्ट्रोक गाडीला सकाळी थेट किक मारू नये. आधी ऑइलची पातळी पाहावी. ती वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर स्पार्क प्लग काढून, प्लगची वायर बाजूला सुरक्षित ठेवून, किक सावकाश फिरवत सिलिंडरमधले पेट्रोल बाहेर काढावे, आणि ऑइल बदलल्यानंतरच इंजिन सुरू करावे.