स्वभावाला औषध नाही, हे कोणी ठरवलं?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तिघांकडून आला. आधी कॉलेजच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, आणि शेवटी घरच्या ग्रुपवर, मावशीकडून. मथळा होता 'बॉर्डरलाइन माणसं ओळखा आणि वेळीच पळा'. खाली मुद्दे: ही माणसं लक्ष वेधायला नाटकं करतात, समोरच्याला खेळवतात. हा बायकांचाच आजार. मरायची धमकी देणारा कधी मरत नाही. लग्नाआधी चौकशी करा, नंतर कळलं तर घटस्फोट लगेच मिळतो. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत: स्वभावाला औषध नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या केसपेपरवर हेच नाव लिहिलं गेलं: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. मावशी, तुला हे माहीत नव्हतं. तुझ्यावर राग नाही, पण मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायचंय.

'ओळखा.' नावापासूनच गोंधळ आहे. बाबांना निदान सांगितलं तेव्हा ते सुटल्यासारखे म्हणाले, "बॉर्डरलाइनच ना? म्हणजे अजून व्हायचंय." त्यांच्या डोळ्यांपुढे शुगरचा रिपोर्ट होता. हा शब्द १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकेतल्या मनोविश्लेषकाने वापरला, कारण हे रुग्ण तेव्हाच्या दोन ठरलेल्या गटांच्या सीमेवरचे वाटत होते. ती विभागणी मागे पडली, नाव मात्र चिकटून राहिलं. अमेरिकी निदानपुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत, त्यांतली पाच असली की निदान होतं. म्हणजे हेच निदान झालेल्या दोन माणसांत एकच लक्षण सारखं असू शकतं. मेसेज वाचून कोणाला ओळखता येईल?

'नाटकं करतात.' इथे मला थांबायलाच हवं, कारण हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. 'रडायला काय झालं एवढं?', 'हिचा तमाशा सुरू झाला.' आतून हे कसं असतं ते सांगते. नवरा ठाण्याहून निघताना 'निघालो' म्हणतो आणि साडेआठपर्यंत पोचत नाही. फोन लागत नाही. दुसरी बाई म्हणेल, ट्रॅफिक असेल. मलाही ते सुचतं, पण सुचेपर्यंत छातीत दगड बसलेला असतो, हात गार पडलेले असतात, आणि 'हा मला सोडून गेला' हे मनात खरं होऊन बसलेलं असतं. तो आठ पन्नासला दारात उभा राहतो तेव्हा मी आनंदाने रडायला हवं. मी ओरडते. त्याला लागेल असं बोलते. एकदा त्याचा डबा भिंतीवर फेकला होता, फोडणीच्या वरणाचा डाग पुढच्या रंगकामापर्यंत तिथेच होता. भावना लवकर भडकते, जास्त भडकते आणि विझायला फार वेळ घेते. खेळवायचं असेल तर डोकं शांत लागतं. मला त्या वेळी स्वतःचं नाव धड सांगता येत नसतं.

याने समोरच्याला दुखत नाही असं मी म्हणणार नाही. दुखतं. माफी मागावी लागते, आणि ती मी मागते. पण दुखावणं वेगळं आणि डाव रचणं वेगळं.

हा शिक्का फक्त मेसेज लिहिणारेच मारतात असंही नाही. १९८८ साली ब्रिटनमध्ये लुईस आणि अ‍ॅपलबी यांनी मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची लेखी वर्णनं वाचायला दिली. जिथे आधी 'व्यक्तिमत्त्व विकार' असं निदान झाल्याचं लिहिलं होतं, तो रुग्ण डॉक्टरांना अधिक त्रासदायक आणि लक्ष वेधणारा वाटला. एका शिक्क्याने शिकलेले डॉक्टर बदलले, मग माझ्या मावशीने काय करायचं होतं? मी स्वतः एका दवाखान्यात, स्वतःलाच केलेल्या जखमेवर टाके घालून घेताना 'हौस फिटली का?' हे ऐकलंय.

'मरायची धमकी देणारा मरत नाही.' हे वाक्य लगेच पुसून टाका. जुन्या अभ्यासांत या आजाराचे १० टक्क्यांपर्यंत रुग्ण आत्महत्येने गेल्याचं दिसतं, अलीकडच्या अभ्यासांत प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. कोणी मरणाची भाषा केली तर त्याच्याजवळ बसा, थेट विचारा, एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असं पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं.

'बायकांचाच आजार.' दवाखान्यात बायका जास्त दिसतात, हे खरं. पण २००८ साली अमेरिकेत घरोघरच्या पाहणीवर आधारित मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पुरुषाला आपण 'तापट' म्हणतो आणि सोडून देतो.

'लगेच घटस्फोट.' नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचं कारण आहे, पण १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावं लागतं. लग्नाआधी सांगावं का? सांगावं. मी सांगितलं होतं.

आता ती म्हण. एका अर्थी ती खरी आहे, या आजारावर अशी एकही गोळी नाही. झोपेसाठी, उदासीसाठी गोळ्या देतात, तेवढंच. पण मेसेजला म्हणायचंय की माणूस बदलत नाही. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी या आजाराच्या २९० रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. सगळे रुग्णालयात भरती झालेले, म्हणजे सौम्य नव्हेत. त्यांतल्या ९३ टक्क्यांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली. नोकरी आणि नाती दोन्ही नीट सांभाळण्यापर्यंत मात्र निम्मेच पोचले, हेही सांगायला हवं. लक्षणं जातात, मोडलेलं करिअर परत उभं राहायला वेळ लागतो.

उपचार आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेल्या डीबीटीची, म्हणजे भडकलेली भावना सांभाळायला शिकवणाऱ्या 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी'ची, पहिली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांनी स्वतःला इजा करण्याचं आणि भरती राहण्याचं प्रमाण त्यात घटलं. २०११ साली याच लिनेहान यांनी जाहीर केलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात बंद होत्या. डीबीटीत आठवड्याला एक भेट, एक गट, आणि रोज रात्री भरायचा तक्ता असतो. माझ्या तक्त्यांची फाइल आता दोन बोटं जाड झालीय. हे उपचार तालुक्याच्या गावी मिळत नाहीत आणि महाग आहेत, याचा मला खरा संताप आहे. मेसेज पसरवायचाच तर त्याबद्दल पसरवा.

'पळा.' कोणी मारत असेल, छळत असेल तर जरूर निघून जा, आजार असो वा नसो. पण आमच्या घरी वेगळं चालतं. माझा पारा चढला की नवरा फ्रिजमधून बर्फ काढतो, स्टीलच्या पातेल्यात पाणी ओततो आणि ओट्यावर ठेवतो. मी श्वास रोखून त्यात चेहरा बुडवते. गार पाण्याने हृदयाचे ठोके मंदावतात, हे गटात शिकलेलं. तो चपला घालता घालता म्हणतो, "दहा मिनिटांनी येतो." सुरुवातीला मला ते खरं वाटायचं नाही, मी दाराकडे बघत बसायचे. तो दहाव्या मिनिटाला बेल वाजवतो. चावी असते त्याच्याकडे, तरी वाजवतो.