अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज आणि ग्रीन कार्डाची भीती : एका फिरत्या संदेशाला उत्तर

अमेरिकेत ले-ऑफची नवी लाट आली की तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : बेरोजगारी भत्ता ही सरकारी मदत आहे आणि ती घेतली की ग्रीन कार्ड अडकते, व्हिसावर असलेल्या कुणालाच ती मिळत नाही, राजीनामा दिला असेल, कामगिरीच्या कारणावरून काढले असेल किंवा सेव्हरन्स (नोकरी संपताना कंपनीने दिलेली रक्कम) घेतली असेल, तर अर्ज करण्यात अर्थ नाही, एकदा नकार आला की विषय संपला, आणि एवढ्यातूनही कुणाचे पैसे सुरू झालेच, तर त्याने खुशाल भारतात जाऊन यावे, आठवड्याचे सर्टिफिकेशन (भत्ता चालू ठेवण्यासाठी नियमित भरायचे निवेदन) घरातल्या कुणीही भरले तरी चालते. या संदेशावर विश्वास ठेवून हक्काचे पैसे सोडून देणारी कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यातला शेवटचा सल्ला तर माणसाला थेट अडचणीत आणणारा आहे. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पहिले विधान मदतीचे आणि ग्रीन कार्डाचे. बेरोजगारी विम्याचा पहिला राज्य कायदा विस्कॉन्सिनने १९३२ साली केला आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही व्यवस्था देशभर उभी राहिली. तेव्हापासून तिचा पैसा प्रामुख्याने मालकांकडून, पगारावर आकारलेल्या करातून येतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत तर कामगाराच्या पगारातूनही त्यासाठी कपात होते. एडिसनमध्ये राहून न्यू जर्सीतच नोकरी करणाऱ्याने आपली पे-स्टब उघडून पाहिली तर ती कपात त्याला दिसेल. हा भत्ता काम करून मिळवलेला लाभ असल्यामुळेच इमिग्रेशन खाते तो 'पब्लिक चार्ज'च्या (सरकारवर भार ठरू शकणाऱ्या व्यक्तीच्या) हिशेबात धरत आलेले नाही. १९९९ च्या मार्गदर्शक सूचना, २०१९ चा बराच कडक नियम आणि डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेला नियम यांत इतर बाबतींत मोठे फरक आहेत, पण या तिन्हींनी बेरोजगारी विमा बाहेरच ठेवला. त्या हिशेबात येते ती उत्पन्नाची गरज पाहून दिलेली रोख मदत, आणि बेरोजगारी विमा देताना घरात किती पैसे आहेत हे कुणी विचारतच नाही. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे त्यांनी आपल्या वकिलाला एकदा अवश्य विचारावे, परंतु संदेशाच्या भरवशावर अर्जच न करणे ही फार महाग खबरदारी आहे. न्यू जर्सीत २०२५ साली नव्या क्लेमची कमाल रक्कम आठवड्याला ८७५ डॉलर होती, म्हणजे २६ आठवड्यांचे २२,७५० डॉलर. कॅलिफोर्नियाची ४५० डॉलरची कमाल मर्यादा २००५ पासून हललेली नाही, तरीही २६ आठवड्यांचे ११,७०० डॉलर होतात. घरभाडे किंवा मॉर्गेजचा हप्ता डोक्यावर असताना ही रक्कम किरकोळ नाही.

'व्हिसावर असलेल्या कुणालाच मिळत नाही' हे विधान अर्धे खरे असल्यामुळे अधिक दिशाभूल करते. पात्रतेचे दोन वेगळे प्रश्न असतात. मागील पगार विम्याखाली आणि कायदेशीर परवानगीने मिळवलेला होता का, हा पहिला. आणि ज्या आठवड्याचे पैसे मागितले आहेत त्या आठवड्यात अर्जदार काम स्वीकारायला मोकळा होता का, हा दुसरा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील व्यक्ती पहिल्या प्रश्नात सहसा पार होते आणि दुसऱ्यात अडते, कारण तिची कामाची परवानगी एका मालकाशी बांधलेली असते. नवा मालक तिच्यासाठी पिटिशन (व्हिसाचा अर्ज) दाखल करीपर्यंत ती दुसरीकडे रुजू होऊ शकत नाही आणि अनेक राज्ये याच कारणावरून तिचा क्लेम नाकारतात. अशा व्यक्तीने खरी उत्तरे देऊन अर्ज केला तर त्यात गुन्हा काही नाही, पण तिचे खरे लक्ष नोकरी गेल्यानंतर देशात राहण्यासाठी मिळणाऱ्या कमाल ६० दिवसांच्या सवलतीवर असायला हवे. एच-४ वर (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचे कार्ड, घेऊन काम करणारी पत्नी किंवा पती, एल-२ वरील (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्यांचे) जोडीदार, आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) प्रलंबित असताना मिळालेले ईएडी असणारे आणि अर्थातच ग्रीन कार्डधारक यांची गोष्ट पूर्ण निराळी आहे. त्यांची परवानगी एका मालकाला चिकटलेली नसते, त्यामुळे ती चालू असेपर्यंत दुसऱ्या प्रश्नालाही त्यांचे उत्तर होकारार्थी असते. हा संदेश वाचून अर्ज न करणाऱ्यांत मला याच गटातील लोक, विशेषतः एच-४ वरील स्त्रिया, सर्वाधिक दिसतात. 'आपला व्हिसा डिपेंडंट, आपल्याला कोण देणार' असे त्या स्वतःच ठरवून टाकतात, आणि त्यांच्या पगारावर मात्र मालकाने विम्याचा कर नियमाने भरलेला असतो. ओपीटीवरील (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवरील) विद्यार्थ्यांचा पगार बहुधा या करातून वगळलेला असतो, त्यामुळे त्यांच्याबाबत संदेश बहुतांशी बरोबर ठरतो.

अर्ज कोणत्या राज्यात करायचा, याबद्दल संदेशात काहीच नाही, आणि घोळाची सुरुवात मात्र अनेकदा इथूनच होते. काम प्रत्यक्ष जिथे केले ते राज्य धरायचे असते, राहण्याचे नव्हे. रोज जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणाऱ्याचा क्लेम न्यूयॉर्कचा असतो. चुकीच्या राज्यात अर्ज केला तर तिथल्या नोंदीत पगारच सापडत नाही आणि 'पुरेशी मिळकत नाही' असे पत्र येते. ते पत्र अपात्रतेचा निकाल समजून लोक गप्प बसतात, तोवर आठवडे निघून जातात, आणि उशिरा केलेला क्लेम मागील तारखेपासून धरून घ्यायचा तर सबळ कारण दाखवावे लागते. आपल्याकडील मधल्या नावाची पद्धतही इथे त्रास देते. सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये आहे आणि अर्जात नाही, किंवा लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण कार्ड बदलले नाही, तर ओळख पडताळणीत क्लेम अडकू शकतो. अर्जातील नाव कार्डावर आहे तसेच, अक्षरशः तसेच, लिहावे.

आता काढून टाकण्याच्या कारणाविषयी. 'परफॉर्मन्सवर काढले, म्हणजे भत्ता नाही' ही समजूत कायद्याच्या नेमकी विरुद्ध आहे. भत्ता रोखला जातो तो गैरवर्तनासाठी, आणि गैरवर्तन म्हणजे काय हे विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली बॉइंटन कॅब कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष हे गैरवर्तन. कामात कमी पडणे, कौशल्य अपुरे असणे किंवा एखाद्या वेळी निर्णय चुकणे हे गैरवर्तन नव्हे. पुढे अनेक राज्यांनी हीच व्याख्या स्वीकारली. म्हणून पीआयपीनंतर (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेल्या मुदतीनंतर) नोकरी गेलेल्या माणसाने घाबरून अर्जात 'स्वतःहून सोडली' असे लिहिणे म्हणजे आपणच आपला क्लेम बुडवणे होय. राजीनाम्याचेही तसेच आहे. एचआरने 'राजीनामा द्या, नाहीतर काढतो' असे सांगितले असेल, तर नोकरी संपवण्याची सुरुवात कुणी केली हे पाहिले जाते. तसे सुचवणारी ई-मेल किंवा मेसेज असेल तर कंपनीचा लॅपटॉप परत करण्यापूर्वी त्याची तारीख आणि मजकूर आपल्याकडे नोंदवून ठेवावा.

सेव्हरन्सबाबत सगळ्या देशाला लागू पडेल असे एक वाक्य लिहिताच येत नाही. कॅलिफोर्निया सेव्हरन्सला पगार मानत नाही, त्यामुळे भत्ता कमी होत नाही. न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या दिवसानंतर ३० दिवसांच्या आत सेव्हरन्स सुरू झाली आणि तिचा आठवड्याचा हिशेब राज्याच्या कमाल भत्त्याहून अधिक भरला, तर तेवढे आठवडे पैसे मिळत नाहीत. त्यानंतर मिळू शकतात. टेक्सासमध्येही ती बहुधा क्लेम पुढे ढकलते. पुढे ढकलणे आणि बुडणे यांत फरक आहे, आणि संदेशाने तोच पुसून टाकला आहे.

भारतात जाण्याविषयीचा सल्ला मात्र सर्वस्वी चुकीचा आणि धोक्याचा आहे. सर्टिफिकेशनमध्ये अर्जदार स्वतः, खोटे लिहिल्यास शिक्षा होईल याची जाणीव ठेवून, सांगत असतो की त्या आठवड्यात मी काम स्वीकारायला हजर होतो. पुण्यात बसलेला माणूस सॅन होजेमधील नोकरीवर सोमवारी रुजू होऊ शकत नाही, आणि त्याच्या नावाने दुसऱ्याने बटण दाबले तर ते खोटे निवेदन ठरते. अशा प्रकारे घेतलेल्या रकमेवर संघीय कायद्यानुसार किमान १५ टक्के दंड आहे, कॅलिफोर्नियात तो ३० टक्के आहे, आणि मूळ रक्कम परत करावी लागते ती वेगळीच. ज्या ग्रीन कार्डाच्या भीतीने हा संदेश लिहिला गेला, त्याला धोका असलाच तर तो भत्ता घेण्यापासून नसून अशा खोट्या निवेदनापासून आहे. आईवडिलांच्या आजारपणासाठी जावे लागले तर जावेच. त्या आठवड्यांचे खरे उत्तर द्यावे, त्यांचे पैसे मिळणार नाहीत, पण शिल्लक रक्कम लाभवर्षाच्या (क्लेम सुरू झाल्यापासूनच्या एका वर्षाच्या) मुदतीत तशीच राहते आणि परतल्यावर क्लेम पुन्हा उघडता येतो.

राहिला नकाराचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते. पुष्कळसे नकार फॉर्ममधल्या एका उत्तरावरून निघतात. कॅलिफोर्नियाच्या दोन आठवड्यांच्या सर्टिफिकेशनमधील दुसरा प्रश्न साधारण असा आहे : आजार किंवा दुखापत सोडून, तुम्ही रोज पूर्ण वेळ काम स्वीकारू शकला नसता असे काही कारण होते का? घाईत वाचणारा 'काम स्वीकारू शकता का' एवढेच वाचतो आणि 'हो' वर टिक करतो. तेवढ्यावर पैसे थांबतात आणि चौकशीसाठी मुलाखतीची तारीख लागते. ती मुलाखत टाळू नये. चूक कशी झाली हे सरळ सांगितले तर अनेकदा प्रकरण तिथेच मिटते.

यंत्रणाही चुकते, आणि मोठ्या प्रमाणावर चुकते. मिशिगनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात संगणक प्रणालीने सुमारे ४०,००० लोकांवर फसवणुकीचा ठपका ठेवला. नंतरच्या तपासणीत त्यातील बहुसंख्य निष्कर्ष खोटे ठरले आणि राज्याला २ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने २०२२ साली दाखवून दिले की अपिलात गेलेल्या नकारांपैकी अर्ध्याहून अधिक उलटवले जातात. नकाराच्या पत्राकडे पाहताना हे आकडे लक्षात असावेत. त्या पत्रावर दोन गोष्टी आधी शोधाव्यात : टपालात टाकल्याची तारीख आणि नकाराचे कारण. अपिलाची मुदत टपालाच्या तारखेपासून मोजली जाते, पत्र हातात पडल्यापासून नव्हे. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कमध्ये ती ३० दिवस, न्यू जर्सीत २१ दिवस आणि टेक्सासमध्ये अवघे १४ दिवस आहे. अपिलासाठी दोन-तीन वाक्ये पुरतात : या तारखेच्या निर्णयाशी मी सहमत नाही, सुनावणी हवी आहे. सुनावणी बहुधा फोनवर होते, वकील सक्तीचा नसतो, इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर दुभाषा मोफत मागता येतो, आणि कागद मात्र आधी पाठवून ठेवावे लागतात. निर्णय आपल्या बाजूने लागल्यावर मालक अपिलात गेला तर केवळ तेवढ्यामुळे पैसे थांबवता येत नाहीत; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच तसे ठरवले आहे.

अपील चालू असतानाही दर आठवड्याचे किंवा पंधरवड्याचे सर्टिफिकेशन वेळेवर भरत राहावे. पैसे येत नाहीत, मग फॉर्म कशाला भरायचा, असे म्हणून पुष्कळ जण ते सोडून देतात. दोन महिन्यांनी अपील जिंकले तरी राज्य पैसे देते ते सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच.