गाणी भरून देणाऱ्याचा जबाब

२००९ ते २०१७ या काळात दारव्हा तालुक्यातल्या एका बाजारगावात माझे दहा बाय दहाचे दुकान होते. पाटीवर 'झेरॉक्स, रिचार्ज, डाउनलोडिंग' असे रंगवलेले होते आणि त्यांतला तिसरा शब्द म्हणजे सरळसरळ चोरीचा धंदा होता, हे मी आज लपवत नाही. गिऱ्हाईक मोबाईलचे मागचे झाकण उघडून मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचे, 'भाऊ, जुने गाने भरून दे' म्हणायचे, आणि दोन जीबीच्या कार्डाचे वीस रुपये घेऊन मी ते भरून द्यायचो. आठवडी बाजाराच्या दिवशी कार्डांना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून ओळीने ठेवावी लागत. त्या वीस रुपयांतून दुकानाचे भाडे, संगणकाचा हप्ता आणि माझा चहा निघायचा. गाणे लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला किंवा ते विकण्याचा हक्क असलेल्या कंपनीला त्यातला एक पैसाही पोहोचत नव्हता.

कायदा ठाऊक नव्हता असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे या कामाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. संगणकावर चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कलम ६३ बी खाली किमान सात दिवसांची कैद सांगितलेली आहे. शिवाय आपल्या राज्याने २००९ मध्ये एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात हातभट्टीवाल्यांच्या आणि झोपडपट्टीदादांच्या पंक्तीला व्हिडिओ पायरेट्सनाही नेऊन बसवले. एवढे असूनही पोलिसांतल्या एका ओळखीच्या गृहस्थाचे कार्ड महिन्यातून दोनदा माझ्याकडेच भरायला येत असे, आणि वीस रुपये तेवढे राहून जात.

या धंद्यात राहून मी जे पाहिले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. माल विकणारा जे कुलूप लावतो, ते चोराच्या नव्हे, तर पैसे मोजून माल घेणाऱ्याच्या दारावर बसते. हे मी ऐकून सांगत नाही, कारण एकदा मी स्वतः पैसे मोजून पाहिले होते.

२०१२ च्या दिवाळीत नागपूरला गेलो असताना सीताबर्डीच्या एका दुकानातून मी गेमची अस्सल डीव्हीडी विकत घेतली. किंमत हजाराच्या आसपास होती. त्याच रस्त्याच्या फूटपाथवर तोच गेम पन्नास रुपयांत पडलेला मला दिसत होता, आणि आयुष्यात एखादी तरी गोष्ट रीतसर घ्यावी या हट्टाने मी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. कंपनीचे नाव घेत नाही. घरी आल्यावर दोन डीव्हीड्यांतून गेम संगणकावर चढला, खोक्यातला पंचवीस अक्षरांचा क्रमांक टाकून झाला, आणि मग पडद्यावर सूचना आली की इंटरनेटवर खाते उघडा आणि तीन जीबीचे अपडेट उतरवून घ्या, त्याशिवाय गेम सुरू होणार नाही. माझ्याकडे टू-जीचे नेटसेटर, म्हणजे संगणकाला लावायचे इंटरनेटचे डोंगल होते. रात्री अकरानंतर त्याला सेकंदाला पंधरा केबीचा वेग मिळाला तर नशीब. म्हणजे एका जीबीला अठरा-वीस तास. त्यात भारनियमन. वीज गेली की उतरवणे तुटायचे, आणि पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. बाराव्या रात्री गेम सुरू झाला.

शेजारच्या मुलाने फूटपाथवरची ती पन्नास रुपयांची डीव्हीडी मागवली होती. त्याने 'क्रॅक' नावाच्या फोल्डरमधली एक फाईल कॉपी करून गेमच्या फोल्डरमध्ये पेस्ट केली आणि वीस मिनिटांत तो खेळायला बसला. त्याच्या घरी इंटरनेट नव्हते आणि त्याला त्याची गरजही पडली नाही. पुढे विंडोज उडाल्यावर संगणक नव्याने भरावा लागला, तेव्हा पुन्हा परवानगी मागायची पाळी माझ्यावरच आली.

याचे कारण कुलपाच्या रचनेतच आहे. गाणे ऐकू येण्यासाठी किंवा गेम चालण्यासाठी कधी तरी त्याची उकल गिऱ्हाइकाच्या यंत्रावर व्हावी लागते, म्हणजे कुलूप आणि किल्ली या दोन्ही वस्तू गिऱ्हाइकाच्याच घरी पाठवाव्या लागतात. मग किल्ली कुठे दडवली आहे हे जगातल्या एखाद्याच माणसाने शोधून काढले तरी पुरते. तो एकदा कुलूप काढतो आणि त्यानंतरची प्रत्येक चोरीची प्रत कुलपाविना फिरते. रीतसर घेणारा मात्र रोज किल्ली फिरवत बसतो. त्या किल्लीपायी कंपन्या कुठवर गेल्या ते पाहण्यासारखे आहे. २००५ साली सोनी बीएमजीने आपल्या काही संगीत सीडींत असा प्रोग्रॅम घातला होता की सीडी संगणकात टाकताच तो गुपचूप आत शिरून स्वतःला दडवत असे, आणि त्या आडोशाला व्हायरसही लपू शकत होते. बोभाटा झाल्यावर त्या सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. २००८ मध्ये 'स्पोअर' हा गेम विकत घेणाऱ्याला सुरुवातीला तो तीनच वेळा संगणकावर चढवून सक्रिय करण्याची मुभा होती. २०१३ च्या मार्चमध्ये नवा 'सिमसिटी' आला, तो सतत इंटरनेटला जोडलेला असण्याच्या अटीवर, आणि पहिल्याच आठवड्यात कंपनीचे सर्व्हर कोसळल्याने पैसे भरलेले लोक बाहेर ताटकळत राहिले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ नंतर आलेल्या डेनुवोसारख्या कुलपांनी काही गेम पहिले काही आठवडे वा महिने राखले, आणि मोठ्या गेमची बरीचशी विक्री सुरुवातीलाच होत असल्याने कंपनीला तेवढेही पुरते. त्यामुळे कुलूप अगदीच निरुपयोगी असते असे मी म्हणणार नाही. मात्र काही कंपन्या विक्रीचा जोर ओसरल्यावर ते स्वतःहून काढून टाकतात, आणि आधी घेणाऱ्याने ते सोसलेले असते तेवढेच.

आमच्या भागात ही गोष्ट समजायला संगणक लागत नाही, कापसाचे बियाणे पुरे आहे. संकरित बियाण्याला निसर्गाचेच कुलूप आहे. त्याची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर पहिल्यासारखे पीक येत नाही, म्हणून दर हंगामात नवे पाकीट घ्यावे लागते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बदलून घेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे, पण संकरित वाणाने तो हक्क कागदावरच ठेवला. आणि ज्या बियाण्याला सरकारची परवानगीच नाही, ते तणनाशक सोसणारे बियाणे आमच्याकडे 'चोरबीटी' या नावाने येते. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला होता. तुलना पूर्ण जुळत नाही, हे मला मान्य आहे. तिथे प्रश्न पर्यावरणाच्या परवानगीचा आहे, पैसे बुडवण्याचा नाही. तरी निंदणाची मजुरी परवडत नाही आणि हवी ती वस्तू पक्क्या बिलावर कुठल्याच कृषी केंद्रात मिळत नाही, अशा वेळी माणूस रात्रीच्या पाकिटाकडे वळतो, आणि ते बोगस निघाले तर बिल नसल्याने तक्रारही करू शकत नाही. माझ्या दुकानातही तेच होत असे. फुकटच्या गेमबरोबर पेन ड्राइव्हमध्ये असा व्हायरस यायचा की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसत, आणि ते दुरुस्त करण्याचे पन्नास रुपये मीच घ्यायचो.

माझे दुकान कायद्याने बंद पडले नाही. २०१५ च्या अखेरीस स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याआधी डॉलरचा हिशेब आणि क्रेडिट कार्ड लागायचे, आणि आमच्या गावात क्रेडिट कार्ड कुणी पाहिलेले नव्हते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले. वर्षभरातच कार्डांची रांग आटली. माझी गिऱ्हाइके एकाएकी प्रामाणिक झाली असे मला वाटत नाही; माझ्या दुकानापर्यंत चालत येण्यापेक्षा जागेवर बसून गाणे लावणे सोपे झाले, एवढाच फरक होता. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने कॅसेट स्वस्त करून किराणा दुकानापर्यंत आणि पानटपरीपर्यंत पोहोचवली, तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीनेही असाच रस्ता बदलला होता. पोलंडचे उदाहरण मला याहून आवडते. तिथला बाजार चोरीच्या सीडींनी भरलेला असताना सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' हा गेम नामांकित नटांच्या आवाजात पोलिश भाषेत आणला, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या अठरा हजार प्रती गेल्या. याच कंपनीने २००८ मध्ये जीओजी हे दुकान उघडले, जिथे घेतलेल्या गेमला कुलूपच नसते. मराठीत बोलणारा एखादा मोठा गेम मात्र मला आजवर विकत घ्यायला मिळालेला नाही, आणि मिळाला तर मी तो दोनदा घेईन.

इथवर माझी बाजू भक्कम दिसते. पण एक प्रसंग मला तिच्यामागे लपू देत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या खंजिरी भजने म्हणणाऱ्या एका महाराजांनी पदरचे पैसे घालून नागपूरला आपल्या भजनांची सीडी काढली होती. किंमत पन्नास रुपये. तिला कसलेच कुलूप नव्हते, कव्हरवर त्यांचा मोबाईल नंबर छापलेला होता, आणि पंचवीस प्रती त्यांनी विक्रीसाठी माझ्याच काउंटरवर ठेवल्या होत्या. म्हणजे वस्तू गावात होती, परवडणारी होती आणि हात लांबवला की मिळत होती. पहिल्याच आठवड्यात एका ओळखीच्याने त्यातली एक सीडी घेतली आणि लगेच म्हणाला, 'आता हेच माझ्या कार्डात टाकून दे.' मी टाकून दिले. स्वतः विकत घेतलेले गाणे त्याने आपल्या मोबाईलवर ऐकले तर त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. पण ती फाईल माझ्या संगणकावर राहिली, आणि पुढे ज्याने ज्याने भजने मागितली त्याच्या कार्डात इतर दोनशे गाण्यांबरोबर तीही गेली. चार महिन्यांनी महाराज हिशेबाला आले तेव्हा एकोणीस सीड्या तशाच पडून होत्या. गावात सगळीकडे आपलाच आवाज वाजतो आहे, हे येता येता त्यांनी ऐकले होते. ते रागावले नाहीत. 'भाऊ, तुमच्याइथून किती लोकायनं नेलं माझं भजन?' एवढेच त्यांनी विचारले. मी दहा-बारा म्हणालो. खरा आकडा दोनशेच्या पुढे होता.

तिथे सोयीचा प्रश्न नव्हता. वस्तू समोर होती आणि तरीही मी दुसऱ्याची कमाई वीस रुपयांच्या पुडीत बांधून दिली. म्हणून 'सोय द्या, चोरी थांबेल' हे वाक्य कुणी फार सहज उच्चारले की मला ते महाराज आठवतात. सोय दिली तर चोरी बरीच कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे; उरलेल्या चोरीला सोयीचा आधार देता येत नाही.

आता मी दुकान चालवत नाही, शेती पाहतो आणि गाण्यांच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरतो. पण या सोयीतही एक नवे कुलूप आले आहे. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिक ही गाण्यांची कंपनी आणि स्पॉटिफाय हे गाण्यांचे ॲप यांचा करार फिसकटला आणि त्या कंपनीची गाणी ॲपवरून काही काळ नाहीशी झाली. पैसे भरणाऱ्यांच्या याद्यांत नुसत्या राखाडी ओळी उरल्या. २०२४ च्या ३१ मार्चला युबिसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा तो दुकानातून विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की अशा व्यवहारात गिऱ्हाईक मालकी घेत नसून फक्त परवाना घेते, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्याकडे मक्त्याने केलेल्या वावराला कुणी आपले वावर म्हणत नाही. मग गाण्याखाली 'विकत घ्या' असे बटण का असावे, हे मला कळत नाही.

आमच्या शिवारात नाल्यापलीकडे रेंज नाही. ट्रॅक्टरच्या टेपला फक्त पेन ड्राइव्ह लागतो, आणि ॲपमध्ये उतरवलेले गाणे पेन ड्राइव्हमध्ये जात नाही. गेल्या पेरणीच्या आधी आमचा ट्रॅक्टर चालवणारा पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, 'भाऊ, फुकट नाई मांगत, पैसे घे, पन याच्यात दे.' मी दोन संध्याकाळी बसून शोधले. त्याने लिहून दिलेल्या चाळीस गाण्यांपैकी निम्मीही मला पैसे देऊन साध्या फाईलच्या रूपात मिळाली नाहीत. महाराजांची भजने माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर होती. त्यांना फोन करून विचारले, पाचशे रुपये पाठवले आणि ती त्यात टाकली. बाकीचा पेन ड्राइव्ह रिकामाच परत दिला. दुसऱ्या दिवशी तो भरलेला होता. बसस्टँडजवळ एक जण अजूनही भरून देतो, आता पन्नास रुपये घेतो म्हणे.