यंदा वाचलेली बावन्न

‘मग, यंदा किती झाली?’ डिसेंबरात पुण्यात हा प्रश्न कानावर आला तर तो पोळ्यांबद्दल नसतो. उत्तर ‘अकरा’ असेल तर महिना संपेपर्यंत घराबाहेर पडू नका. सभ्य आकडा बावन्न. सरासरी २५० पानांची ५२ पुस्तकं म्हणजे १३,००० पानं, रोजची साधारण ३६. पानाला दोन मिनिटं धरली तरी रोजचा सव्वा तास गेला. एवढा वेळ यादी, फोटो आणि चर्चा यांनाच लागतो, त्यामुळे काटकसर वाचनातच करावी लागणार.

आकडा फुगवायला दिवाळी अंक आहेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही सोय करून ठेवली, तिचा लाभ घ्या: एक अंक म्हणजे एक पुस्तक, आत परिसंवाद असेल तर दीड. मुलांना झोपवताना वाचलेली चोवीस पानी चित्रपुस्तकंही ‘बालसाहित्याचा अभ्यास’ म्हणून मोजा. कमी पडलं तर ‘पुनर्वाचन’ हा सोन्यासारखा शब्द आहे. पहिलं वाचन कधी झालं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

उरलेली पुस्तकं फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुणे पुस्तक महोत्सवातून नाहीतर अप्पा बळवंत चौकातून आणा. इथवर सगळ्यांना जमतं. घोळ होतो तो पुस्तक ‘वाचलेलं’ करताना. प्लास्टिकचं वेष्टण आणि सवलतीचं लेबल काढावं, हे सांगायला नको. पण कोऱ्या पुस्तकाचा कणा गुळगुळीत असतो आणि चुगली करतो. म्हणून घाईत ते मधोमध उघडून दाबू नका. हल्लीची बरीचशी पुस्तकं शिवलेली नसतात, नुसती चिकटवलेली असतात. गोंद तडकतो आणि ऐन चर्चेत आठ-दहा पानांचा गठ्ठा मांडीवर पडतो. पुढून वीस पानं, मागून वीस पानं, असं हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. मग कड बघा. कड बोटांनी मळते, पण वाचलं तेवढीच! पहिली चाळीस पानं मळकट आणि पुढे पांढरीशुभ्र पट्टी, हे सदाशिव पेठेतल्या काकूंना चहाचा कप देता देता दिसतं. अंगठा शेवटच्या प्रकरणापर्यंत फिरवा. आधी दोन चिमटी शेंगदाण्याची चटणी खाल्ली असेल तर उत्तम.

वाचनालयाच्या पुस्तकाला यातलं काही लागत नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. मळवण्याचं काम आधीच्या सभासदांनी निष्ठेने केलेलं असतं. शिवाय कोणीतरी समासात पेन्सिलीने ‘साफ चूक’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘चूक तुमची’. दोन्ही मतं उचला, चर्चेची सोय झाली.

चर्चेत ‘लेखकाला शेवट सापडलेला नाही’ हे वाक्य सर्वांत सुरक्षित, कारण शेवटपर्यंत कोणीच गेलेलं नसतं. ‘भाषांतर फसलंय, मुळातूनच वाचायला हवं’ हेही चालतं, फक्त मूळ भाषा कोणती ते आधी बघून ठेवा. जुन्या पुस्तकांशी मात्र जपून. ‘कोसला’ १९६३ची, पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंगाबद्दल बोलताना ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरलं की निम्मं काम भागतं. पण त्याच्या बहिणीच्या मृत्यूपर्यंत न पोचता कादंबरीला ‘धमाल’ म्हणालात, तर खोलीत एकदम पंख्याचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी घसा खाकरून खिडकीबाहेर बघावं. लोक त्याला गहिवर समजतात.

शेवटी कोणीतरी पुस्तक वाचायला मागणारच. खुशाल द्या, न उघडता ते त्यांच्या पुढच्या यादीत जाईल. फक्त आतलं बिल तेवढं काढून घ्या. तुमच्या यादीत ते पुस्तक मार्चात संपलंय आणि बिलावर तारीख डिसेंबरातली आहे.