‘कुऱ्हाडे घेत नाहीये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात काहीतरी लिहून जाईन म्हणून दोन दिवस थांबलो. मराठी मजकूर हाताळताना प्रोग्रामरला रोज काय काय सोसावं लागतं, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता:

“नुसती रड आहे. युनिकोड येऊन तीस वर्षं उलटली, हे प्रश्न कधीच सुटलेत. नीट लायब्ररी वापरा. हार्डवेअरचा तर यात काही संबंधच नाही. दुसऱ्या कुणाला दोष देण्यापेक्षा डेटा सरळ इंग्रजीत ठेवा. मी वीस वर्षं तेच करतोय, एकदाही अडचण आली नाही. दुसर्‍या भाषांतले प्रोग्रामर असे रडत नाहीत.”

एक गोष्ट आधीच कबूल करतो. त्या लेखात मी सगळा दोष ‘सिस्टीम’वर ढकलला होता, आणि ते बरोबर नव्हतं. ज्या प्रकारामुळे मी तो लेख लिहिला, त्यात चूक माझीच होती. तेव्हा ते लिहायचं टाळलं, आता सांगतो.

एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेसाठी आम्ही खातेदारांच्या नोंदणीचा फॉर्म केला होता. नाव मराठीतच हवं अशी संस्थेची अट होती, म्हणून मी तपासणीची एक ओळ लिहिली: युनिकोडमधल्या (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या मानकातल्या) देवनागरीच्या तक्त्यातल्या, म्हणजे ०९०० ते ०९७एफ या १२८ जागांमधल्या खुणा आणि मोकळी जागा चालेल, बाकी काही चालणार नाही. माझ्या टेबलावर पन्नासेक नावं घालून पाहिली, सगळी गेली. चौथ्या दिवशी तिथल्या काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, “सर, कुऱ्हाडे घेत नाहीये.” त्या पुन्हा पुन्हा नाव टाकत होत्या आणि खाली लाल अक्षरांत येत होतं, ‘कृपया नाव मराठीत लिहा’. समोर सत्तरीचे कुऱ्हाडे आजोबा जुनं पासबुक घेऊन उभे. त्यांचं नाव मराठीत नाही, असं माझा फॉर्म त्यांना सांगत होता.

मी इथून तेच नाव टाकलं, तर गेलं. इंटरनेट तपासा, फोन बंद करून चालू करा, असं सांगण्यात दीड दिवस गेला. शेवटी त्यांनी टाकलेलं नाव तसंच्या तसं मागवून घेतलं आणि एकेक खूण सुटी केली. मी टाकलेल्या ‘कुऱ्हाडे’त ८ खुणा होत्या, त्यांनी टाकलेल्यात ९.

कुऱ्हाडे, पऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, शेतकऱ्यांना, सातबाऱ्यावर. आपल्या भाषेत हा आडवा अर्धा र पावलोपावली येतो, आणि तो लिहायच्या दोन रीती युनिकोडच्या मानकातच आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरीत साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारा जोडक घालायचा, ज्याला आम्ही झेड-डब्ल्यू-जे म्हणतो. माझा कीबोर्ड पहिली रीत वापरतो, ताईंच्या फोनमधला दुसरी. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात. पण तो जोडक देवनागरीच्या तक्त्यात नाही, त्याची जागा भलतीकडे, २००डी वर आहे. माझ्या ओळीनं त्याला बाहेरचा ठरवला.

तोवर ताईंनी रांग खोळंबू नये म्हणून मार्ग काढला होता: ‘कुरहाडे’. तशी चौदा खाती उघडली गेली, चौदा पासबुकं तशीच छापली गेली. ती सगळी परत मागवून दुरुस्त करायला तीन आठवडे लागले.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. आमच्याच एका सहकाऱ्यानं चांगल्या हेतूनं ‘न दिसणाऱ्या खुणांची घाण’ साफ करणारी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, चालवली. जोडक गेला की अर्ध्या र चा रफार होतो. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. पत्त्यांमधल्या दऱ्यांचा एका रात्रीत दर्या झाला आणि वऱ्हाडचं ‘वर्हाड’ झालं. एकही एरर नाही, लॉगमध्ये एकही ओळ नाही. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे. प्रोग्राम कोसळला तर निदान कळतं तरी.

‘नीट लायब्ररी वापरा’, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड घ्या, हा सल्ला मी गंभीरपणे घेतो, आणि वापरतोही. पण पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकूर शोधायची ‘आर-ई’ नावाची जी नेहमीची लायब्ररी आहे, तिच्यात शब्द शोधायची जी सर्वांत सोपी खूण आहे, डब्ल्यू आणि अधिक, ती ‘मराठी’ या शब्दावर चालवून पाहा. हाती ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे येतात, कारण काना आणि वेलांटी तिच्या लेखी अक्षरं नाहीत. ‘रेजेक्स’ नावाची वेगळी लायब्ररी हे नीट करते, पण ती घ्यायला हवी हे कळेपर्यंत माणसाच्या शोधयंत्रात काय काय भरून गेलेलं असतं!

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, इथपर्यंत तुमचा हिशोब बरोबर आहे. पण आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र काढत, आणि आजही अनेक कीबोर्ड तेच करतात. म्हणजे ‘ॲड्रेस’ दोन प्रकारे लिहिलेला सापडतो आणि एक शोधलं तर दुसरं मिळत नाही. ‘बँक’चं तेच: कुणी ब वर सरळ चंद्रबिंदू देतो, कुणी चंद्र देऊन वर वेगळा अनुस्वार. डोळ्याला फरक जाणवतही नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकाच रीतीत आणायची सोय, चालवलं तरी यातली एकही जोडी एक होत नाही. अशा जोड्यांचा तक्ता आपल्याला हाताने करावा लागतो, आणि मी तो केला आहे. (याद्यांच्या क्रमावर इथे लिहीत नाही. ळ आपल्या वर्णमालेत ह च्या पुढे आणि युनिकोडच्या तक्त्यात ल च्या पाठोपाठ. एवढ्यावरून काळे आणि कावळे यांत आधी कोण, ते बदलतं.)

आता हार्डवेअर. संबंध नाही, हे तुम्ही कसं म्हणू शकता ते मला खरंच कळलं नाही. वीस वर्षं या धंद्यात आहात, म्हणजे जिस्टचं नाव तुमच्या कानावर असणार. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं ते तंत्रज्ञान. त्याचं कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर मराठी उमटायची. तेव्हा आपली लिपी हाच हार्डवेअरचा एक भाग होता. आज कार्ड गेलं, पण पतसंस्थेच्या काउंटरवर पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून तिथेच आहे. त्याच्या स्मृतीत जी अक्षरं कोरलेली आहेत ती तो झरझर छापतो. मराठी त्याला चित्र म्हणून पाठवावी लागते, आणि मग तो एकेका ओळीवरून सुया फिरवत बसतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या रांगेत, हा वेळ माणसं उभ्यानं भरतात.

एसएमएसचंही तसंच आहे. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरी आली की ७०, आणि संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. त्यात काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘खात्यात’ हा डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द, पण हिशोबात ७. शिल्लक कळवणारा साधा संदेश मराठीत पाठवला की तीन संदेशांचे पैसे पडतात. पतसंस्थेच्या संचालकांनी बैठकीत मला हेच विचारलं, “इंग्रजीत केलं तर किती वाचतील?” आकडा सांगितला. तेव्हापासून संदेश इंग्रजीत जातात. त्यांना मी दोष देत नाही. पैसा सभासदांचा आहे.

म्हणूनच ‘डेटा इंग्रजीत ठेवा’ हे वाक्य मला लागलं. तुम्हाला अडचण आली नाही, हे मी खरं मानतो. ती तुमच्यापर्यंत पोचलीच नसेल. रोमन लिपीत के-ए-एल-ई असं नाव ठेवलं की ते काळे, काले की कळे, हे तुमच्या डेटाबेसला कधीच सांगता येणार नाही. त्यातून मराठीत छापायची वेळ आली की कुणीतरी अंदाजानं एक निवडणार. मग त्या माणसानं सातबाऱ्यावर एक नाव, पासबुकावर दुसरं, आणि ही दोन्ही माणसं मीच, असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. त्यासाठी तालुक्याला जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची. तुमच्या स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही, माझ्याही दिसलं नव्हतं. ताईंनी फोन केला नसता तर ‘कुरहाडे’ हेच त्या आजोबांचं नाव झालं असतं.

तपासणीची ती ओळ मी बदलली आहे. आता जोडक चालतो. साठवताना दोन्ही रीतींचा र एकाच रीतीत आणतो, आणि मूळ टाकलेलं नाव शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं ठेवतो. बँक, ॲड्रेस वगैरेंचा तक्ता पुढच्या लेखात पूर्ण देईन, ज्याला हवा त्यानं उचलावा.

तुमच्या प्रतिक्रियेतली एकही खूण मी बदललेली नाही. तिच्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द दोनदा आला आहे. पहिला बहुधा संगणकावर लिहिलात आणि शेवटचं वाक्य नंतर फोनवरून जोडलंत. दोन्ही कॉपी करून त्यांच्या खुणा मोजून पाहा. पहिल्याच्या ७ भरतील, दुसऱ्याच्या ८.